हुबळीचा लोहमार्ग व बदलत्या गरजांचा इतिहास

घाटाखालून वर येऊन हुबळी-धारवाडात स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या दृष्टीने हुबळीचा लोहमार्ग हा केवळ वाहतुकीचा विषय नव्हे. ज्यांचे व्यवहार देशावर आणि कुलदेवता गोमंतकात, अशा घराण्यांना या दोन टोकांशी एकाच वेळी बांधून ठेवणारा दुवा दीर्घकाळ हाच होता. देशपांडे नगरापासून रेल्वे स्थानक फार दूर नाही. परंतु तेथून निघणाऱ्या मार्गाचा इतिहास मात्र दुष्काळ, तह, व्यापार, संगीत, राज्यक्रांती आणि न्यायालये अशा दूरदूरच्या प्रदेशांतून हिंडून आलेला आहे. हुबळीचे अधिकृत नाव २०१४ सालापासून हुब्बळ्ळी असे झाले. मराठी भाषकांत रूढ असलेले जुने नावच या लेखात ठेविले आहे.

कोणतीही मोठी व्यवस्था, मग ती लोहमार्गाची असो, पाणीपुरवठ्याची असो वा देवस्थानाची असो, एका विशिष्ट काळातील एका विशिष्ट गरजेतून जन्मास येते. ती गरज पुढे सरते, व्यवस्था मात्र उरते. नव्या पिढीच्या नव्या गरजा तिच्यावर येऊन पडतात आणि जुन्या पायावरच त्यांची सोय लावावी लागते. ही सोय कोणी लावली, कोणाला विचारून लावली आणि तिचा भार कोणी वाहिला, या प्रश्नांची उत्तरे हुबळीच्या लोहमार्गाच्या इतिहासात फार स्पष्टपणे मिळतात. म्हणून तो इतिहास क्रमाने पाहणे उद्बोधक ठरेल.

दुष्काळातून उगम

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन व दक्षिण मराठा मुलूख भीषण दुष्काळाने होरपळून निघाला. अन्यत्र धान्य उपलब्ध असतानाही ते पीडित जिल्ह्यांत वेळेवर पोहोचविण्याचे साधन नव्हते. बैलांचे तांडे हेच वाहतुकीचे साधन आणि दुष्काळात प्रथम मरत ते बैलच. कारण चारा व पाणी या दोहोंचा अभाव. दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली आपल्या अहवालात लोहमार्ग हे दुष्काळ-निवारणाचे प्रमुख साधन मानून सुमारे ५,००० मैलांचे नवे मार्ग तातडीने बांधण्याची शिफारस केली. या विचारातूनच १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिचे येथील मुख्य कार्यालय धारवाडास होते.

म्हणजे या मार्गाची पहिली गरज पुणे-मुंबईचा प्रवास ही नव्हती, कापसाचा व्यापार ही नव्हती आणि देवदर्शन तर नव्हतेच. भुकेल्या मुलुखात धान्य नेणे, ही होती. या एका गरजेने मार्गाचे स्वरूप निश्चित केले. दुष्काळी मुलुखातील मार्गावर उत्पन्न फारसे येणार नाही हे गृहीत होते. म्हणून तो शक्य तितक्या कमी खर्चात बांधणे भाग होते. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयो यांच्या कारकीर्दीत सरकारने स्वस्त मार्गांसाठी मीटर गेजचा स्वीकार केला होता. डलहौसीच्या काळापासून मुख्य मार्गांवर रूढ असलेल्या ब्रॉड गेजमध्ये दोन रुळांतील अंतर साडेपाच फूट, म्हणजे १,६७६ मिलिमीटर असे. मीटर गेजमध्ये ते १,००० मिलिमीटर. हा फरक सव्वादोन फुटांचा. पण त्यामुळे भराव, पूल, बोगदे, डबे, इंजिने या सर्वांचाच खर्च कमी होई. मैसूर संस्थानातील बंगलोर-मैसूर मार्गही याच मापाचा होता. सदर्न मराठा रेल्वेने मीटर गेज स्वीकारले ते अशा परिस्थितीत.

त्या वेळच्या हिशेबाने हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु त्या हिशेबात एक रक्कम मांडलेलीच नव्हती. होटगी, पुणे, गुंतकल अशा ठिकाणी जेथे हा मार्ग ब्रॉड गेजला मिळे, तेथे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. दुष्काळात धान्य वेळेवर पोहोचविणे ही ज्या मार्गाची गरज, त्याच मार्गाच्या तोंडाशी धान्य अडून राहावे, हा विरोधाभास प्रारंभापासून त्याच्या पोटात होता. बांधणाऱ्यांनी बचत आपल्या काळात घेतली आणि तिचे देणे पुढील पिढ्यांच्या नावे लिहून ठेविले. ते देणे शंभराहून अधिक वर्षांनी फेडावे लागले.

घाटाखालचा मार्ग

रेल्वेपूर्व काळात धारवाडकडील कापूस घाटरस्त्याने कुमठा बंदरात जाई. तेथून तो जलमार्गे मुंबईस रवाना होई. हुबळी-कारवार असा लोहमार्ग व्हावा ही मागणी त्या काळी फार जोरात होती. मार्ग होणारच या आशेवर १८६७ नंतरच्या काही वर्षांत कारवारात व्यापाऱ्यांची वर्दळ वाढली होती. परंतु घाटाखाली उतरण्याचा मान अखेर कारवारास न मिळता गोमंतकातील मुरगांव बंदरास मिळाला.

त्याचे कारण राजकीय होते. १८७८ साली ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांमध्ये तह झाला. त्यान्वये दोन्ही मुलुखांमधील जकातीची भिंत काढून टाकण्यात आली, गोमंतकातील मीठ-उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि मुरगांवपासून सरहद्दीपर्यंत लोहमार्ग बांधण्याचे ठरले. १८८१ साली वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कंपनी त्यासाठी निघाली. सह्याद्रीच्या ब्रागांझा घाटात, दूधसागर धबधब्याजवळून, कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा टप्पा बोगदे खोदून व पूल बांधून सिद्ध करण्यात आला. येथील चढ सुमारे ३७ फुटांस १ फूट इतका कठीण आहे. १८८८ साली घाटमार्ग खुला झाला आणि देश व गोमंतक रुळांनी जोडले गेले.

येथेही गरज व वास्तव यांची ताटातूट लौकरच झाली. जकातमुक्त व्यापार हा ज्या मार्गाचा पाया, तो तह १८९२ च्या जानेवारीत संपुष्टात आला. मार्ग पुरा होऊन अवघी चार वर्षे लोटली होती. जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली; कॅसलरॉक येथे ब्रिटिश व कुळे येथे पोर्तुगीज अशा दोन तपासण्या सुरू झाल्या. मालाची आवक अपेक्षेइतकी होईना, पोर्तुगीज सरकारला व्याजाच्या हमीपोटी भुर्दंड पडू लागला, आणि अखेर १९०२ साली हा मार्ग चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे सोपविण्यात आले.

परंतु ज्यांची गरज कोणत्याही तहात लिहिलेली नव्हती, त्यांनी हा मार्ग आपलासा केला. हुबळी, धारवाड, बेळगाव येथील गोमंतकीय घराणी जत्रा, पालखी, मुंज, लग्न अशा निमित्तांनी या गाडीने घाट उतरू लागली. कुळे, सावर्डे वा मडगाव येथे उतरून पुढचा प्रवास बैलगाडीने व नंतरच्या काळात मोटारीने होई. पूर्वी जो प्रवास दिवसांत मोजावा लागे, तो तासांत मोजता येऊ लागला. गाव सोडलेल्या माणसाचे देवस्थानाशी असलेले नाते केवळ स्मरणाचे न राहता प्रत्यक्ष येण्याजाण्याचे राहिले, याचे श्रेय पुष्कळ अंशी या तोट्यातील लोहमार्गाकडे जाते.

कारखान्याने घडविलेले शहर

१८८६ च्या सुमारास हुबळीस रेल्वे आली व त्याच काळात येथे रेल्वेचा कारखाना उभा राहिला. इंजिने, प्रवासी डबे व मालडबे यांची दुरुस्ती येथे होऊ लागली. बंगलोरकडे, विजापूरकडे व लोंढ्याकडे जाणाऱ्या मार्गांमुळे हुबळीचे महत्त्व वाढले. १९०१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती साठ हजारांवर गेलेली दिसते. कापसाचा बाजार, गिरण्या आणि कारखाना यांच्या आधारे कन्नड, मराठी, कोंकणी, तेलुगू, तमिळ, उर्दू अशा अनेक भाषा बोलणारा कामगारवर्ग येथे एकत्र आला.

लोहमार्गाचा विचार करताना रूळ व इंजिने यांकडेच लक्ष जाते. पण खरी व्यवस्था त्याहून मोठी असते. लोहाराच्या हातातील कसब, फिटरची नजर, वेळापत्रक, स्टेशनमास्तरांची वही, मुलाला बापाच्या जागी लावण्याची अपेक्षा, वसाहतीतील शाळा, या सर्वांची मिळून ती होते. म्हणूनच पुढे जेव्हा मार्गाचे माप बदलावे लागले तेव्हा केवळ लोखंड बदलून भागले नाही.

कोणी न मागितलेल्या सोयी

१९०८ साली सदर्न मराठा रेल्वे व मद्रास रेल्वे यांचे एकीकरण होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे अस्तित्वात आली. मुख्यालय मद्रासेस गेले आणि धारवाडातील कार्यालयाच्या भव्य वास्तूचे प्रयोजन संपले. १९१७ साली धारवाडास कर्नाटक कॉलेज निघाले व पुढे याच वास्तूत ते नांदू लागले. जेथे मालाच्या दरांचे हिशेब होत, तेथे काव्यशास्त्राचे वर्ग भरू लागले. एका गरजेसाठी बांधलेली भक्कम इमारत दुसऱ्या गरजेस किती सहजपणे उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय. असे घडले ते इमारत नीट बांधली व नीट राखली होती म्हणून. मोडकळीस आलेल्या वास्तूला दुसरा जन्म मिळत नसतो.

संगीताच्या इतिहासातही या मार्गाने असाच नकळत वाटा उचलला. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, हुबळीजवळच्या कुंदगोळचे. पुढे देशपांडे नगरात निवास केलेल्या गंगूबाई हनगल तरुणपणी हुबळीहून रेल्वेने कुंदगोळास जाऊन त्यांच्याकडे तालीम घेत. गाडीच्या वेळा सांभाळून शिकायचे आणि गाडीनेच परत यायचे, असा तो क्रम. त्याच काळातील दुसरी हकीकत भीमसेन जोशी यांची. गुरूच्या शोधात त्यांनी लहान वयातच गदगचे घर सोडले. पुढे रेल्वेने मजल दरमजल उत्तर हिंदुस्थान पालथा घालून ते अखेर कुंदगोळासच येऊन स्थिरावले. देशपांडे नगरातील सवाई गंधर्व सभागृह या परंपरेची खूण म्हणून उभे आहे. कंपनीच्या दप्तरात तिसऱ्या वर्गाचा एक उतारू एवढीच ज्यांची नोंद, त्यांच्या गरजेने किराणा घराण्याच्या गायकीला केवढे बळ दिले! व्यवस्था चालविणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे यात पुष्कळ आहे. आपल्या सोयीचा उपयोग कोण कशासाठी करीत आहे, हे वरिष्ठ कार्यालयात बसून कळत नाही.

मालकी बदलली, सरहद्द मिटली

१९४४ साली ही कंपनी सरकारने ताब्यात घेतली. स्वातंत्र्यानंतर १४ एप्रिल १९५१ रोजी मद्रास अँड सदर्न मराठा, साउथ इंडियन व मैसूर संस्थानची रेल्वे यांचे विलीनीकरण करून दक्षिण रेल्वे स्थापन झाली. भागधारकांचा नफा ही गरज मागे पडून देशाची जोडणी ही गरज पुढे आली.

परंतु हुबळीकर गोमंतकीय कुटुंबांच्या दृष्टीने याच दशकात मोठा आघात झाला. गोवा मुक्तीच्या आंदोलनाला तीव्र स्वरूप आले असता १९५५ साली भारत व गोवा यांमधील रेल्वे-वाहतूक बंद झाली. रूळ जागेवर होते, घाट जागेवर होता, इंजिने सज्ज होती. पण मार्ग नव्हता. वार्षिक जत्रेस जाण्याचा परिपाठ कित्येक घरांत खंडित झाला, विवाहसंबंधांत अंतर पडले, वृद्धांना अखेरचे दर्शन घडले नाही. लोहमार्ग हा नुसत्या लोखंडाचा नसतो, तो दोन राजवटींच्या संमतीचाही असतो, हे त्या सहा वर्षांनी शिकविले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर घाटातून गाड्या पुन्हा धावू लागल्या; कॅसलरॉक व कुळे येथील जकाततपासणीची गरजच नाहीशी झाली. सत्तर वर्षे उभी असलेली भिंत गेली, आणि ज्या जकातमुक्त वाहतुकीसाठी मार्ग बांधला होता ती खऱ्या अर्थाने आता सुरू झाली.

२ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे निर्माण झाली व हुबळी विभाग तिच्यात गेला. मुख्यालय सिकंदराबादेस. हुबळीच्या प्रवाशाला जायचे असे मुंबई, पुणे, बंगलोर वा गोव्याकडे. त्याच्या गाड्यांचा निर्णय होई सिकंदराबादेत.

मिरजेची अडचण व रुळांचे रुंदीकरण

१९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग मीटर गेजमधून ब्रॉड गेजमध्ये रूपांतरित झाला. पश्चिम महाराष्ट्राची ती मोठी सोय झाली. हुबळीकरांच्या बाबतीत मात्र गैरसोयीचे केवळ ठिकाण बदलले. पूर्वी पुण्यास गाडी बदलावी लागे, ती आता मिरजेस बदलावी लागू लागली. सामान हमालाच्या डोक्यावर, मुले हाताशी, म्हातारी माणसे आधार धरून आणि दुसऱ्या गाडीत जागा मिळेल की नाही याची धास्ती, हा अनुभव त्या काळात प्रवास केलेल्या बहुतेक प्रत्येक घराला आहे. यातून एक गोष्ट दिसते. मोठ्या व्यवस्थेचा एक भाग सुधारला की अडचण नष्ट होतेच असे नाही. पुष्कळदा ती सुधारलेल्या व न सुधारलेल्या भागांच्या सीमेवर जाऊन बसते.

१९९२ साली रेल्वेने देशभर एकच माप आणण्याचे धोरण हाती घेतले आणि त्या दशकात हुबळीच्या सर्व प्रमुख मार्गांचे रुंदीकरण झाले. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. मीटर गेजच्या स्लीपरवर रुंद माप बसत नाही. म्हणून आधी लांब स्लीपर घालून त्यांवर जुन्याच मापाने गाड्या चालवायच्या, पूल बळकट करायचे, वळणे सुधारायची, फलाटांची उंची व अंतर बदलायचे, आणि मग नियोजित दिवशी वाहतूक थांबवून रूळ सरकवायचा, अशी पद्धत जेथे शक्य होते तेथे वापरण्यात येते. मोठ्या यार्डात काही ठिकाणी तीन रूळ टाकून दोन्ही मापांच्या गाड्यांची सोय केली जाते. घाटात याहून बिकट प्रसंग. मीटर गेजच्या डब्यांच्या हिशेबाने खोदलेल्या बोगद्यांतून ब्रॉड गेजचे डबे जाणे शक्य नसते. कातळ पुन्हा फोडावा लागतो. म्हणून कॅसलरॉक-कुळे टप्प्यावरील वाहतूक काही काळ पूर्ण बंद ठेवावी लागली व प्रवाशांना मोटारगाड्यांचा आश्रय घ्यावा लागला.

१८८२ साली वाचविलेल्या सव्वादोन फुटांची किंमत ती ही. मात्र येथे एक न्यायाची गोष्टही सांगितली पाहिजे. रुंदीकरण झाले ते जुन्याच वाटेने. सर्वेक्षकांनी निवडलेली खिंड, नदी ओलांडण्याची जागा, चढ बेताचा ठेवण्यासाठी घेतलेली वळणे, हे सारे शंभर वर्षांनंतरही कामी आले. पूर्वजांचे माप अपुरे ठरले, वाट अपुरी ठरली नाही.

कारखान्यावरही या बदलाचा मोठा परिणाम झाला. वाफेची इंजिने गेली; मीटर गेजचे डबे गेले. ज्या कारागिरांनी आयुष्यभर बाष्पकाची नाडी ओळखण्याचे कसब कमावले होते, त्यांच्या कसबाला मागणी उरली नाही. तरीही कारखाना बंद पडला नाही. ब्रॉड गेजच्या डब्यांची दुरुस्ती येथे होऊ लागली व ती आजही चालू आहे. मापे नवी, यंत्रे नवी; पण धातूची समज, कामाची शिस्त व वडीलधाऱ्यांकडून मिळालेली हातोटी जुनीच. व्यवस्था बदलताना माणसे टाकून न देता त्यांना नव्या कामाकडे वळविले, तर बदलाला मुळे फुटतात, हे हुबळीच्या कारखान्याने दाखवून दिले.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली. मडगाव हे दोन मार्गांच्या भेटीचे ठिकाण बनले. घाटावरचा लोहमार्ग मीटर गेजचाच राहिला असता तर मिरजेची अडचण मडगावास पुन्हा उभी राहिली असती.

मुख्यालय हुबळीस

१९९६ साली नव्या रेल्वे झोनची घोषणा झाल्यावर त्याचे मुख्यालय बंगलोरला की हुबळीला, हा प्रश्न उत्तर कर्नाटकात फार जिव्हाळ्याचा ठरला. आंदोलने झाली, शिष्टमंडळे गेली. अखेर १ एप्रिल २००३ रोजी हुबळी, बंगलोर व मैसूर हे विभाग मिळून दक्षिण पश्चिम रेल्वेचा कारभार सुरू झाला आणि तिचे मुख्यालय हुबळीस आले. १९०८ साली धारवाडातून गेलेला निर्णयाचा अधिकार पंचाण्णव वर्षांनी शेजारी परत आला, असेच म्हणावयास हवे. २०२० साली स्थानकास श्री सिद्धारूढ स्वामींचे नाव देण्यात आले. १२ मार्च २०२३ रोजी येथील १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे उद्घाटन झाले. जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याची नोंद आहे. या लांबीचे कौतुक होते ते योग्यच. परंतु तिच्यामागील कारण अधिक लक्षात घेण्यासारखे आहे. अनेक दिशांच्या गाड्या एकाच स्थानकात येत असता एकाच फलाटावर दोन गाड्या उभ्या राहून दोन दिशांना सुटू शकाव्यात, ही ती गरज. शहरात भोवताली वस्ती दाटल्यावर रुंदीस वाव कमी राहतो, तेव्हा लांबीत वाढावे लागते.

सर्व गरजा पुऱ्या करता येतात काय?

आतापर्यंतच्या बदलांत नवी गरज आली व तिला वाट करून देण्यात आली. परंतु एकमेकींना छेद देणाऱ्या गरजा एकाच वेळी पुढे आल्या म्हणजे काय करावे, हा अलीकडील काळाचा प्रश्न आहे. तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे या टप्प्याचे दुपदरीकरण करावे, म्हणजे बंदरातून देशावर जाणारी मालवाहतूक वाढेल, असा रेल्वेचा प्रस्ताव होता. दुसऱ्या बाजूस हा टप्पा भगवान महावीर अभयारण्य व काळी व्याघ्र प्रकल्प यांच्या वनक्षेत्रातून जातो. गोमंतकात कोळशाच्या वाहतुकीविरुद्ध मोठा असंतोष होता. नोव्हेंबर २०२० च्या प्रारंभी चांदर येथे लोक रात्रभर रुळांपाशी जमले होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या टप्प्यास वन्यजीव मंडळाकडून मिळालेली मान्यता रद्द केली.

हुबळी-अंकोला मार्गाचीही कथा याच जातीची. कारवार किनाऱ्याकडे लोहमार्ग नेण्याची दीडशे वर्षांपूर्वीची आकांक्षा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुन्हा मंजुरीस आली; परंतु पश्चिम घाटातील अरण्याचा प्रश्न आडवा आला व तो मार्ग अद्याप पुरा झालेला नाही. व्यापाऱ्यांची निकड खरी आहे, किनाऱ्यावरील जनतेची अपेक्षा खरी आहे आणि अरण्याचे मोलही खरे आहे. १८८० च्या दशकात घाट फोडणाऱ्यांना अरण्याच्या वतीने कोणी प्रश्न विचारला नव्हता. आज तो विचारला जातो. यामुळे काम कठीण झाले असले तरी हिशेब अधिक पुरा झाला, असे म्हणावे लागेल. मीटर गेजच्या वेळी न मांडलेली रक्कम पुढे किती जड गेली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी या विलंबाकडे केवळ अडथळा म्हणून पाहू नये.

महाजन-व्यवस्थेच्या दृष्टीने

हुबळीस रेल्वे येत होती त्याच सुमारास, १८८६ साली, पोर्तुगीज सरकारने गोमंतकातील देवस्थानांच्या महाजनांसाठी नियमावली केली. १९३३ साली ती नव्याने रचण्यात आली आणि गोवामुक्तीनंतरही मुख्यतः तिच्याच आधारे देवस्थानांचा कारभार चालत आला. महाजनांची नोंदवही, व्यवस्थापक समितीची निवड, हिशेब, मामलेदारांची देखरेख, ही तिची चौकट. त्या चौकटीची घडण झाली तेव्हा महाजन बव्हंशी देवळाच्या पंचक्रोशीत वा गोमंतकात राहत असत, हे उघड आहे. त्याच दशकात घाटावरून सुरू झालेल्या गाडीने ती वस्तुस्थिती हळूहळू पालटली. आज महाजन कुटुंबे मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळी, बंगलोर आणि परदेशातही विखुरलेली आहेत. त्यांच्या गरजा वेगळ्या. देवळाच्या गावात राहून नित्य सेवा सांभाळणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या. अग्रशाळेतील सोय, जत्रेची तिथी, नव्या पिढीची वहीत नोंद, सेवेकऱ्यांचे परंपरागत मान व त्यांच्या चरितार्थाची आजची अडचण, या प्रत्येक बाबतीत जुनी चौकट व नवी गरज यांची गाठ पडते.

अशा वेळी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, पूर्वजांनी ठरविले त्यात काही बदलू नये. दुसरे म्हणते, जुने सर्व मोडून नव्याने मांडावे. लोहमार्गाचा इतिहास या दोहोंपैकी कोणाचीच बाजू घेत नाही. रुळांचे माप बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते. पण वाट सोडली असती तर घाट पुन्हा शोधावा लागला असता. माप कोणते आणि वाट कोणती, हे ओळखणे हेच कारभाऱ्यांचे खरे काम होय. ते ओळखण्यासाठी दप्तर जपून ठेवावे लागते, कारण पूर्वीचा निर्णय कोणत्या गरजेपोटी झाला हे दप्तराशिवाय कळत नाही. जे हात प्रत्यक्ष काम करतात त्यांना विचारावे लागते, आणि ज्यांचे नाव कोणत्याही ठरावात नाही अशा तिसऱ्या वर्गाच्या उतारूकडेही लक्ष ठेवावे लागते. शिवाय नवी सोय उभी राहीपर्यंत जुनी चालू ठेवावी लागते. लांब स्लीपर घालूनही जुन्याच मापाने गाड्या चालविण्यात हेच शहाणपण आहे.

धान्यासाठी बांधलेल्या मार्गाने कापूस वाहिला, कामगार वसविले, गवयांना गुरूपर्यंत नेले आणि दूर गेलेल्या कुटुंबांना कुलदेवतेच्या दारी आणले. यांतील बहुतेक गोष्टी बांधणाऱ्यांच्या मनातही नव्हत्या. आज महाजन मंडळी जे ठराव करतील, जे बांधकाम करतील, जी वही लिहितील, तिचा उपयोग पुढील पिढ्या कशासाठी करतील हे आजच सांगता येणार नाही. आपल्या सोयीखातर कोणती रक्कम त्यांच्या नावे लिहिली जात आहे, एवढे मात्र प्रत्येक ठरावाच्या वेळी पाहता येईल, आणि ते पाहिलेच पाहिजे.